‘विचारायला’ भीती आणि ‘पडायची’ भीती

बार्शीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

‘मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझे विषय मराठी आणि इतिहास. इंग्रजीचे सर निवृत्त झाले आणि आठवीचे इंग्रजीचे तास माझ्याकडे आले. परवा एका मुलीने निबंधात “आय ॲम अफ्रेड टू फॉल” असं लिहिलं. मी ते खोडून “अफ्रेड ऑफ फॉलिंग” केलं. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, तुम्हीच फळ्यावर ‘डोन्ट बी अफ्रेड टू आस्क’ लिहिलं होतं. तिथे टू चालतो, मग इथे का नाही?” मला सांगता आलं नाही. पाठ करा म्हटलं. घरी येऊन गाइड उघडलं, तर एका बाजूला टू घेणारी विशेषणं, दुसऱ्या बाजूला आयएनजी घेणारी, आणि अफ्रेड दोन्हीकडे! इंटरेस्टेड पण दोन्हीकडे! त्यातच एका प्रशिक्षणाच्या अर्जात मी “आय ॲम इंटरेस्टेड टू अटेंड” लिहिलं, ते ऑफिसात सगळ्यांसमोर दुरुस्त केलं गेलं. मला इंग्रजी पाचवीपासून होतं, या मुलांना पहिलीपासून आहे. आपण हा विषय शिकवावा की नाही असं वाटायला लागलंय. यादी पाठ करण्याशिवाय काही मार्ग आहे का?’

बाई, नमस्कार.

शिकवावं की नाही हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. जी मुलगी फळ्यावरचं वाक्य लक्षात ठेवते, वहीतल्या वाक्याशी ताडून बघते आणि सरळ तुमच्यापुढे येऊन विचारते, ती तुमच्याच वर्गात बसते. तिला विचारायला भीती वाटली नाही, हे तुमच्या शिकवण्याचंच फळ आहे. शिवाय तुमची दुरुस्ती बरोबर होती. फक्त कारण सांगायचं राहिलं. ते कारण तुमच्याच विषयात आहे, मराठीत.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. ‘मला विचारायला भीती वाटते.’ ‘मला पडायची भीती वाटते.’ आता दुसऱ्या वाक्यात ‘पडायला’ घाला: ‘मला पडायला भीती वाटते.’ कानाला खटकलं ना? असं आपण कुणी बोलत नाही. विचारणं ही आपण ठरवून करायची गोष्ट आहे. करायचं मनात आहे, पण भीतीने पाऊल अडतं. पडणं कुणी ठरवून करत नाही. ते आपल्या हातून घडेल, आपल्यावर ओढवेल, याची धास्ती असते. मराठीने हा फरक ‘ला’ आणि ‘ची’ यांत ठेवलाय, इंग्रजीने ‘टू’ आणि ‘ऑफ’ यांत. भीतीने अडलेली कृती असेल तर अफ्रेड टू. नको असताना घडू शकणारी गोष्ट असेल तर अफ्रेड ऑफ आणि पुढे आयएनजी.

दोन्ही एकाच वाक्यात दाखवायची असतील तर फळ्यावर हे लिहा: ‘शी इज अफ्रेड टू गो निअर द डॉग बिकॉज शी इज अफ्रेड ऑफ बीइंग बिटन.’ कुत्र्याजवळ जायला घाबरते, कारण त्याने चावायची भीती. जाणं तिच्या हातात आहे, चावणं कुत्र्याच्या. आणि जुळणी इथेच संपत नाही. ‘विचारायला भीती’ म्हणतो तसंच ‘विचारायची भीती’ही आपण म्हणतो. इंग्रजीतही ‘अफ्रेड ऑफ आस्किंग’ चालतं. म्हणजे ठरवून करायच्या कृतीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, ओढवणाऱ्या गोष्टीला एकच. मुलीने ‘अफ्रेड टू फॉल’ लिहिलं तिथे ‘पडायला भीती’ झालं होतं. तिला हे मराठीतून सांगा, तिला लगेच पटेल.

आता जरा व्याकरणात शिरू, तुम्हाला ते परकं नाही. ‘बोलायला’ यात ‘ला’ आहे, चतुर्थीचा. ‘बोलण्याची’ यात षष्ठी आहे, ‘बोलण्यात’ यात सप्तमी. आपण क्रियापदाचं नाम करतो आणि त्याला नामासारखी विभक्ती लावतो. इंग्रजीत विभक्तीचं काम बहुतेक करून शब्दयोगी अव्ययं करतात, म्हणजे आपल्या गाइडमधली प्रिपोझिशन्स. ‘टू’ हासुद्धा मुळात त्यांच्यातलाच. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत या टूच्या पुढे क्रियापद आलं की त्याला वेगळा प्रत्यय लागायचा, नामाला लागावा तसा. तो प्रत्यय पुढे झिजून गेला, टू मात्र क्रियापदाला चिकटून राहिला. म्हणून त्याच्यात अजून ‘ला’ची दिशा आहे, पुढच्या कृतीकडे बघणारी.

ही दिशा धरली की यादीतली अर्धी विशेषणं आपोआप जागेवर बसतात. यायला तयार, रेडी टू कम. शिकायला उत्सुक, ईगर टू लर्न. मदत करायला राजी, विलिंग टू हेल्प. जायला नाखूश, रिलक्टंट टू गो. मत द्यायला मोकळा, फ्री टू व्होट. सगळीकडे ‘ला’, सगळीकडे टू.

जिथे मराठीत क्रियापदाला ‘ला’ सोडून दुसरं काही लागतं, तिथे इंग्रजीत बहुधा दुसरं प्रिपोझिशन असतं, आणि त्याच्यापुढे क्रियापद आलं की ते आयएनजीतच येतं. पोहण्यात पटाईत, गुड ॲट स्विमिंग. शिकण्यात रस, इंटरेस्टेड इन लर्निंग. वाट बघायचा कंटाळा, टायर्ड ऑफ वेटिंग. गाणी ऐकायची आवड, फाँड ऑफ लिसनिंग टू म्यूझिक. हिशेब ठेवण्याची जबाबदारी, रिस्पॉन्सिबल फॉर कीपिंग अकाउंट्स. ॲट, इन, ऑफ, फॉर यांच्यापुढे ‘टू गो’, ‘टू लर्न’ असं रूप कधीच येत नाही. आठवीच्या वर्गात हे बिनधास्त ‘कधीच’ म्हणून सांगा.

म्हणून मुलांच्या वहीत ‘गुड : आयएनजी’ असं लिहून देऊ नका. ‘गुड ॲट’ असं लिहून द्या, जणू तो एकच शब्द आहे. ‘टायर्ड ऑफ’, ‘फाँड ऑफ’, ‘इंटरेस्टेड इन’. शेपटी लक्षात राहिली की आयएनजी वेगळं पाठ करावं लागत नाही. गाइडमधल्या यादीने नेमकी ती शेपटीच छाटून टाकलीय, म्हणून ती डोक्यात राहत नाही.

मराठीचा हा कान नेहमीच खरा ठरतो असं मात्र समजू नका. ‘तुम्हाला भेटून आनंद झाला’ यात ‘ला’ नाही, ‘ची’ नाही, ‘ऊन’ आहे. तरी इंग्रजीत ‘हॅपी टू मीट यू’. ‘ऐकून वाईट वाटलं’, ‘सॉरी टू हिअर’. ‘बघून आश्चर्य वाटलं’, ‘सरप्राइज्ड टू सी’. मनात उठलेली भावना आणि तिचं कारण असं जिथे असतं तिथे आपला ‘ऊन’ म्हणजे त्यांचा टू, एवढं जोडून घ्या. आणखी एक जागा म्हणजे पाऊस. ‘पाऊस पडण्याची शक्यता आहे’ यात षष्ठी आहे, पण इंग्रजीत ‘इट इज लाइकली टू रेन’. कारण सोपं आहे. आपण तिथे शक्यता हे नाम वापरतो, इंग्रजीत लाइकली हे विशेषण आहे. नाम वापरलं तर इंग्रजीतही ‘चान्स ऑफ रेन’ होऊन ऑफ परत येतोच. अभिमानाचंही तसंच. ‘या शाळेत असल्याचा अभिमान’ याला ‘प्राउड टू बी इन धिस स्कूल’ म्हणणंच जास्त रूढ आहे, ‘प्राउड ऑफ बीइंग’ चूक नसलं तरी.

ज्या विशेषणांपुढे दोन्ही रूपं येतात आणि अर्थ बदलतो, ती मोजकीच आहेत. अफ्रेड झालं. दुसरं शुअर. ‘ही इज शुअर टू विन’ म्हणजे तो जिंकणार हे नक्की. खात्री माझी आहे, त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसेल. ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’ म्हणजे आपण जिंकू याची त्याला खात्री आहे. ‘याची’ आलं, ऑफ आलं. पुढे तो हरलाही असेल. परीक्षेच्या निकालाचं उदाहरण देऊन हा फरक शिकवा, मुलांना फार आवडतो.

तिसरं सॉरी. उशिरा आल्याबद्दल माफी मागायची असेल तर ‘सॉरी फॉर कमिंग लेट’. होऊन गेलेली गोष्ट, ‘बद्दल’ आणि फॉर. आत्ता या क्षणी कुणाच्या कामात आड येताय, तर ‘सॉरी टू डिस्टर्ब यू’. हेडमास्तरांच्या दारातून डोकावताना जे म्हणायचं ते हे.

आता तुमचा अर्ज. तुमच्या वाक्याला दुरुस्ती हवी होती हे खरं. ‘प्रशिक्षणाला येण्यात मला रस आहे’ म्हणताना ‘आय ॲम इंटरेस्टेड इन अटेंडिंग’ हेच योग्य. इंटरेस्टेड टू हे रूप आहे, पण ते कळणं, ऐकणं, वाचणं, बघणं अशाच क्रियापदांपुढे शोभतं. ‘आय वॉज इंटरेस्टेड टू रीड युअर लेटर’, तुमचं पत्र वाचलं आणि कुतूहल वाटलं. ‘आय वुड बी इंटरेस्टेड टू नो’, जाणून घ्यायला आवडेल. एखादं काम करण्याची इच्छा दाखवायची असेल तर इन. पण आपल्याकडच्या नोकरीच्या अर्जांत ‘इंटरेस्टेड टू वर्क’, ‘इंटरेस्टेड टू जॉइन’ इतक्या सर्रास लिहिलं जातं की त्याबद्दल चारचौघांत कुणाला ओशाळं करण्यासारखं त्यात काही नाही. ते ज्या पद्धतीने दुरुस्त केलं गेलं, तिथे चूक दुरुस्त करणाऱ्याची होती. यापुढे शंका आली तर सरळ ‘आय वुड लाइक टू अटेंड’ लिहा. साधं आहे, अदबीचं आहे.

अफ्रेड आणि इंटरेस्टेड याहून मोठा घोटाळा आपण मराठी माणसं दुसरीकडेच करतो, आणि गाइडमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. टू बरोबर लावलेला असतो, पण कर्ता चुकीचा असतो. ‘मला इंग्रजी समजायला अवघड जातं’ याचं मुलं करतात ‘आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड इंग्लिश’. मराठीत वाक्य ‘मला’पासून सुरू होतं, म्हणून इंग्रजीत ‘आय’. पण ‘आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड’ हे इंग्रजीत पूर्ण आणि शुद्ध वाक्य आहे, आणि त्याचा अर्थ ‘मी समजायला अवघड आहे’, म्हणजे माझं बोलणं कुणाला कळत नाही! ऐकणारा तिथवर हाच अर्थ घेऊन येतो, आणि मग इंग्लिश शब्द ऐकून गडबडतो.

अवघड, सोपं, शक्य, सोयीचं, अशक्य या शब्दांशी आपण ‘मला’ जोडतो. इंग्रजीत या जागी माणूस कर्ता होत नाही. ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू अंडरस्टँड इंग्लिश.’ ‘मला उद्या येणं शक्य नाही’ याचं ‘आय ॲम नॉट पॉसिबल टू कम’ होत नाही. ‘इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टू कम’, किंवा सरळ ‘आय कान्ट कम’. ‘मला सोमवारी सोयीचं आहे’ याचं ‘मंडे इज कन्व्हीनिअंट फॉर मी’. मराठीतला ‘मला’ इंग्रजीत ‘फॉर मी’ होऊन मागे जातो आणि पुढे इट येऊन बसतो. हा एकच सराव आठवडाभर घ्या. वर्गातल्या निम्म्या चुका तिथेच मिटतील, असं मला मनापासून वाटतं.

पण घाबरणं, तयार असणं, उत्सुक असणं यांचा कर्ता माणूसच असतो. ‘आय ॲम ईगर टू लर्न’ ठीक आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६० च्या दशकात हा फरक एका जोडीने प्रसिद्ध केला: ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. दिसायला दोन्ही वाक्यं सारखीच. पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतो. दुसऱ्यात दुसरे जॉनला खूश करतात, आणि ते काम सोपं असतं. मराठीत करून बघा: ‘रमा खूश करायला उत्सुक’, ‘रमा खूश करायला सोपी’. मराठीतही ‘करायला’ तेच राहिलं, करणारा बदलला. तुमच्या त्या विद्यार्थिनीला ही जोडी जरूर द्या.

सोप्याअवघडाच्या याच वाक्यात शेवटाकडे आणखी एक गोष्ट सांभाळायची असते. ‘हे गणित सोडवायला सोपं आहे’ याचं ‘धिस सम इज ईझी टू सॉल्व्ह’ इथेच संपतं. मुलं पुढे ‘इट’ लावतात, ‘टू सॉल्व्ह इट’. तो इट नको, कारण गणित आधीच पुढे येऊन बसलंय. पण प्रिपोझिशन असेल तर ते ठेवायचं: ‘धिस चेअर इज कम्फर्टेबल टू सिट ऑन’, ‘शी इज ईझी टू टॉक टू’. शेवटी लोंबकळणारा तो ऑन किंवा टू आपल्याला अनावश्यक वाटतो आणि आपण तो गाळतो. खुर्चीवर बसायचं असतं, म्हणून ऑन. तिच्याशी बोलायचं असतं, म्हणून टू.

टूचं आणखी एक रूप ओळखून ठेवा. ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ याचं मुलं ‘आय ॲम यूज्ड टू गेट अप अर्ली’ असं करतात, कारण टू दिसला की त्यापुढे साधं क्रियापद असं हाताला वळण पडलेलं असतं. इथला टू अजून पूर्ण प्रिपोझिशन आहे, क्रियापदाला चिकटलेला नाही. म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’. ओळखायचं कसं? टूनंतर नाम ठेवून बघा. ‘आय ॲम यूज्ड टू नॉइज’, गोंगाटाची सवय आहे. नाम बसलं, तर क्रियापदही नामासारखं, आयएनजीत. ‘आय ॲम रेडी टू नॉइज’ असं होत नाही, तिथे नाम बसत नाही, म्हणून ‘रेडी टू गो’. अकस्टम्ड टू, कमिटेड टू, ऑपोज्ड टू हे सगळे यूज्ड टूच्या बाजूचे. मात्र ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’, ‘ॲम’शिवाय, याचा अर्थ ‘मी पूर्वी पहाटे उठायचे’ असा होतो, आता उठत नाही. एका ‘ॲम’ने सवय चालू राहते किंवा सुटते.

बिझी आणि वर्थ ही दोन तेवढी पाठच करून घ्या. त्यांना शेपटी नाही, तरी पुढे आयएनजी: ‘मदर इज बिझी कुकिंग’, ‘द फोर्ट इज वर्थ सीइंग’. ‘बिझी टू कुक’, ‘वर्थ टू सी’ ही रूपं वहीत सापडली तर तिथे न विचारता लाल शाई वापरा.

तुमच्या इंग्रजीच्या वयाबद्दलही बोलतो. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा या मुलांच्या कानावर तुमच्यापेक्षा लहान वयात इंग्रजी वाक्यं पडली हे खरं. पण वाक्य असंच का, हे सांगायला व्याकरणाची जाण लागते, आणि ती तुमच्याकडे मराठीतून आलेली आहे. विभक्ती शिकवणारी शिक्षिका प्रिपोझिशन शिकवायला कमी पडेल, हे मला पटत नाही.

गाइडच्या ऐवजी वर्गात एक लर्नर्स शब्दकोश ठेवा. ऑक्सफर्ड, केम्ब्रिज, लाँगमन, कुणाचाही चालेल, इंटरनेटवरही ते फुकट बघता येतात. हे कोश मुद्दाम शिकणाऱ्यांसाठी केलेले असतात. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. शब्दाचा अर्थ कळला तरी तो वाक्यात बसवायचा कसा, हे शिकणाऱ्याला दाखवणारा कोश त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केला आणि तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. तेव्हापासून या प्रकारच्या कोशांत अर्थाबरोबर वाक्यरचनाही देण्याची रीत पडली. एबल उघडलं की ‘टू डू समथिंग’ असं ठळक दिसेल, केपेबल उघडलं की ‘ऑफ डूइंग समथिंग’. अर्थ जवळपास एकच, रचना निराळी. पुढच्या तासाला मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या करा, प्रत्येकीला तीन विशेषणं द्या आणि त्यांची शेपटी कोशातून शोधून आणायला सांगा. अफ्रेड त्या मुलीच्या जोडीला द्या.